भरीव चाक

"हात लावून बघ," खड्ड्यात उभ्या असलेल्या पक्केमामांनी वर मान करून हाक मारली. "आता या जन्मात हे मोडत नाही."

शेजारच्या गाळ्यातला वायरिंगवाला गाडीच्या कडेला उकिडवा बसला होता. मामांचा जुना दोस्त. गाड्यांची वायरिंग तो बघायचा, बाकी सगळं मामा बघायचे. त्यानं वाकून खाली डोकावलं. गिअरबॉक्स उतरवून बाजूला ठेवलेला होता आणि इंजिनाच्या पाठीला नवंकोरं लोखंडी चाक बसलेलं होतं. मामा त्याचा एकेक बोल्ट पान्यानं शेवटचा आवळत होते.

"स्वतःच्या गाडीलाही भरीवच?" वायरिंगवाल्यानं विचारलं.

"स्वतःच्या गाडीला तर आधी! लोकांना भरीव घालतो आणि स्वतः डबल वापरतो, असं कुणी म्हणायला नको."

हे चाक म्हणजे फ्लायव्हील. इंजिन धक्क्याधक्क्यानं फिरतं, हे जड चाक ते फिरणं सलग करतं. नव्या गाड्यांत ते दोन तबकड्यांचं, म्हणजे डबल येतं. दोन्हींच्या मध्ये स्प्रिंगा असतात, त्या इंजिनाची थरथर आपल्यातच जिरवतात आणि पुढं फारशी पोचू देत नाहीत. कालांतरानं स्प्रिंगा थकतात आणि चाक खडखडायला लागतं. मग एकतर तसलंच नवं घालायचं, नाहीतर ते फेकून एकसंध लोखंडाचं भरीव चाक बसवायचं. भरीव चाकात हलणारं काहीच नाही, त्यामुळं मोडणारंही काही नाही. गाडी उभी असताना थोडी थरथर येते, एवढंच. त्या थरथरीला मामांच्या लेखी काडीची किंमत नव्हती. गिऱ्हाईक कुरकुरलं की ते म्हणायचे, "इंजिन आहे, साहेब. जिवंत आहे असं कळायला नको?"

'पक्के' हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. पण 'पक्कं' हा शब्द त्यांच्या तोंडात इतका बसलेला होता, की लोकांनी तो त्यांनाच चिकटवून टाकला. जे हलतं त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. स्वयंपाकघरातलं कपाट थोडं डुगडुगतं म्हणून त्यांनी ते गाडीचे बोल्ट मारून भिंतीला असं जखडलं होतं, की रंगारी आला तेव्हा त्यानं हात टेकले आणि कपाट सोडून बाकीची भिंत रंगवली. दाराची स्प्रिंग काढून तिथं कडी आली. टेबलाच्या पायांना लोखंडी पट्ट्या आल्या. मामी यायच्या-जायच्या माणसांना सांगायच्या, "या घरात नटबोल्ट न मारलेली मी एकटीच राहिलेय. रात्री जरा सांभाळूनच झोपते."

त्याच मामींच्या मणक्यात आता आजार उतरला होता. दर आठवड्याला रुग्णालयात न्यायचं, संध्याकाळपर्यंत सलाईन लावून पडून राहायचं, परत आणायचं, असं चाललं होतं. डॉक्टरीणबाईंनी मामांना बाजूला घेऊन बजावलं होतं, "हाडं फार ठिसूळ झालीत. हादरे बसू देऊ नका."

मामांनी हे वाक्य मनावर घेतलं. कारण बाकीच्या बोलण्यात त्यांना करण्यासारखं काही नव्हतंच. औषधं डॉक्टरांच्या हातात, सुया परिचारिकेच्या हातात. हादरे मात्र त्यांच्या खात्यातले होते. त्यांनी मागच्या सीटवर गादी दुमडून घातली. चाकांतली हवा थोडी कमी केली. घरापासून रुग्णालयापर्यंतचा एकेक खड्डा पाठ केला. गतिरोधक तर ते असे ओलांडायचे, की एकदा आडव्या पडलेल्या मामी मागून म्हणाल्या, "अहो, तो चालत येणारा माणूससुद्धा पुढं गेला."

"जाऊ दे. त्याच्या गाडीत कुणी नाही."

अशातच गाडीचं जुनं डबल चाक खडखडायला लागलं होतं. वाटेत कुठं गाडी अडकली तर मामींचं काय, या धास्तीनं मामांना झोप लागेना. म्हणून हे भरीव. संध्याकाळी घरी आले ते हात धुवायच्या आधीच मामींच्या पलंगापाशी जाऊन उभे राहिले.

"झालं काम. आता गाडीचं बघायला नको. आपल्या दोघांना पुरून उरेल ते चाक."

बोलून गेले आणि जीभ चावली. पण मामी हसल्या. मामाही हसले, ओशाळून हसले, पण हसले. त्या घरात बऱ्याच दिवसांत कुणी हसलं नव्हतं.

त्या आठवड्यात ते नेहमीच्या रस्त्यानं गेले. बाजारातून, मोठ्या चौकातून. त्या चौकातला सिग्नल इतका लांबलचक, की लोक गाडी थांबवून डबा खाऊन घेतील. मामांनी आरशात बघून विचारलं, "कशी वाटते गाडी?"

"छान आहे की," मामी म्हणाल्या.

पुढच्या खेपेला निघताना मात्र त्या म्हणाल्या, "अहो, कालव्याच्या रस्त्यानं जाऊ या का?"

"तो केवढा लांब पडतो!"

"पडू दे. झाडं बघावीशी वाटतात."

मामांना नवल वाटलं. मामींना झाडांचं वेड कधीच नव्हतं. खिडकीतल्या एकुलत्या एक कुंडीला पाणी घालायचं त्या विसरायच्या, आणि ते झाड वाळल्यावर कुंडीत चमचे ठेवायच्या. पण आजारपणात माणसाला काय काय वाटतं, असं म्हणून मामांनी गाडी कालव्याच्या अंगाला वळवली. दुतर्फा जुनी झाडं, मध्ये एकही चौक नाही, गाडी एका लयीत चाललेली. मामींनी डोकं गादीला टेकवलं होतं आणि त्या काचेतून वर बघत होत्या.

तेव्हापासून तोच रस्ता झाला. मामांना तर त्यात सुखच लागलं. मामींनी काहीतरी मागितलं होतं आणि ते त्यांना देता येत होतं. निघायच्या आधी ते मागच्या काचा आतून-बाहेरून पुसायचे. पडल्या पडल्या कुठून काय दिसतं ते बघून काचेचा वरचा भाग जास्त घासायचे. शेवटी रुग्णालयाच्या फाटकापाशी गाड्यांची रांग लागायची, आणि तिथं तेवढ्या मामी डोळे घट्ट मिटून दाराच्या वरची पकड धरायच्या. रुग्णालयाचा धसका घेतलाय बिचारीनं, असं मामांना वाटायचं.

एके दुपारी गाडीच्या छतातला मागचा दिवा बंद पडला. पुढच्या खेपेला संध्याकाळी परतताना मामींना अंधार नको म्हणून मामांनी लगेच वायरिंगवाल्याला बोलावलं. तो पुढच्या सीटवर गुडघे टेकून, मागं तोंड करून छताचं आवरण सोडवायला लागला.

"मामा, इंजिन चालू ठेवा. आणि मागं आडवे होऊन जरा बॅटरी धरा. वरून दिसत नाही मला."

मामांनी गाडी चालू केली आणि मागच्या सीटवर, मामींच्या गादीवर आडवे झाले. त्या डोकं जिकडं ठेवायच्या तिकडंच डोकं, पाय तसेच दुमडलेले. बॅटरी वर धरली.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, वायरिंगवाला काहीतरी हलवतोय. पण त्याचे हात स्थिर होते. थरथर खालून येत होती. सीटच्या पत्र्यातून गादीत, गादीतून कमरेच्या हाडात, तिथून पाठीच्या एकेका मणक्यावर चढत दातांपर्यंत. दुखत नव्हतं. मामांचं अंग धडधाकट होतं, त्यांना दुखण्यासारखं त्यात काही नव्हतंच. पण ते थांबतही नव्हतं. काच बारीक गुणगुणत होती. दाराच्या कप्प्यातली मामींची पाण्याची बाटली कडेला लागून टिकटिक करत होती. पुढं बसून त्यांना हे कधी कळलं नव्हतं. इंजिनावर हात ठेवून जन्म गेला होता, थरथर त्यांच्या हातांच्या इतकी अंगवळणी पडली होती की हातांनी ती सांगणंच सोडून दिलं होतं.

"हलवू नका मामा बॅटरी," वायरिंगवाला म्हणाला.

"मी नाही हलवत," मामा म्हणाले.

आणि मग त्यांना कालव्याचा रस्ता आठवला. एकही चौक नसलेला. सिग्नल नसलेला. जिथं गाडी कुठंच उभी राहत नाही, असा. झाडं बघावीशी वाटतात.

"झालं, लागला दिवा," वायरिंगवाला म्हणाला. मामा उठले नाहीत. दिव्याचा उजेड थेट त्यांच्या तोंडावर पडला होता, आणि वायरिंगवाल्यानं एकदा त्यांच्याकडं बघितलं, हत्यारं गोळा केली आणि तो आपल्या गाळ्यात निघून गेला.

घरी आल्यावर मामा पलंगाशेजारच्या खुर्चीत बसले. खुर्चीला त्यांनीच मारलेल्या पट्ट्या होत्या.

"त्या रस्त्याला सिग्नल नाहीत म्हणून जायचं होतं ना तुला?"

मामींनी त्यांच्याकडं बघितलं. खोटं बोलावं की नाही याचा त्या विचार करत असाव्यात. मग त्यांनी तो सोडून दिला.

"कळलं होय तुम्हाला?"

"आज मागं आडवा झालो होतो. दिव्यासाठी." मामांचा आवाज चढला. "तोंडात मूग धरले होतेस? गतिरोधकावर मी गोगलगायीसारखा चालतोय, खड्डे चुकवतोय, आणि खालून सगळा वेळ…! एकदा बोलायचं होतंस. एकदा! एवढंसं काम माझं. हातातलं काम."

"सावकाश चालवायचात ना, तेव्हा जास्त व्हायचं," मामी हळूच म्हणाल्या. "पण तुम्ही इतकं जपून चालवायचात, की तेही सांगवेना."

गाडी जितकी हळू तितकी थरथर जास्त, हे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि मामा तर गिऱ्हाइकांना उठताबसता सांगायचे.

"का नाही सांगितलंस पण?"

"त्या दिवशी चाक बसवून आलात, तेव्हा तुमचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही." मामींनी चादरीखालून हात काढला आणि खुर्चीच्या हातावर ठेवला. "किती दिवसांनी हसला होतात. माझं काहीच तुम्हाला पक्कं करता येईना, म्हणून गाडीचं केलंत. मला कळत नव्हतं का? ते काढा म्हणून मी कुठल्या तोंडानं सांगू?"

मामांनी मान खाली घातली. रडू आलं तर ते लपवायची त्यांना सवय नव्हती, कारण यापूर्वी ते फारसं आलंच नव्हतं. मामींनी त्यांना रडू दिलं.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "म्हणजे झाडं नव्हतीच आवडत."

"सुरुवातीला नव्हती. मग आवडायला लागली. काचा इतक्या स्वच्छ पुसलेल्या असायच्या, बघावंच लागायचं."

दुसऱ्या दिवशी मामांनी डबल चाक मागवलं. दुकानदाराला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चूक होतेय. "भरीव ना, मामा?" असं त्यानं दोनदा विचारून घेतलं. माल यायला वेळ होता आणि मधल्या खेपेच्या दिवशी कालव्याच्या रस्त्यावर पाइप टाकण्यासाठी खोदकाम निघालं. मोठ्या चौकातून जाण्यावाचून इलाज नव्हता. भाड्याची गाडी आणू, असं मामा म्हणाले, पण गादी, उशी, पकड, सगळं आपल्या गाडीत अंगाच्या सवयीचं झालंय म्हणून मामींना दुसरी गाडी नको होती.

सिग्नल लाल झाला तसा मामांनी क्लच पार तळापर्यंत दाबला आणि दाबूनच धरला. क्लच दाबला की गिअरबॉक्स सुटा होतो, आवाज जातो, थरथर बरीच कमी होते. सगळी जात नाही. गाडी बंद करून पुन्हा चालू करायची, तर चालू होताना गचका बसतो. म्हणून क्लच. तो जुना, कडक. सिग्नल संपता संपेना. त्यांचा गुडघा आधी दुखायला लागला, मग लटपटायला लागला. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवून पाय खाली रेटून धरला. कपाळावरून घाम नाकापर्यंत आला तरी पुसायला हात मोकळा नव्हता.

"सोडा हो," मागून मामी म्हणाल्या. "पाय जाईल तुमचा."

"तू गप पड."

"मी मोजत नाही, तुम्हीही मोजू नका," मामी म्हणाल्या. सिग्नलचे सेकंद की उरलेले दिवस, हे मामांनी विचारलं नाही.

डबल चाक आलं त्या दिवशी मामांनी गॅरेजचं दार अर्धं ओढून घेतलं. गिअरबॉक्स पुन्हा उतरवला. भरीव चाक काढलं तेव्हा त्याच्यावर ओरखडासुद्धा नव्हता. न मोडलेली वस्तू त्यांनी आजवर कधी उचकटली नव्हती. वायरिंगवाला न बोलावता आला आणि जॅकला हात लावून उभा राहिला.

नवं चाक बसवायच्या आधी मामांनी ते मांडीवर घेतलं आणि दोन्ही तबकड्या दोन हातांनी उलटसुलट पिळून बघितल्या. आतल्या स्प्रिंगा जराशा दबल्या आणि परत जागेवर आल्या. पुन्हा पिळल्या. पुन्हा आल्या. एवढ्याशा हलण्याला आपण जन्मभर नावं ठेवली, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"हे मोडणार कधीतरी," ते वायरिंगवाल्याला म्हणाले.

"मोडलं तर बदलू," तो म्हणाला. "हात आहेत ना."

पुढच्या खेपेला मामींनी स्वतःहूनच सांगितलं, "चौकातून घ्या."

मोठ्या चौकात सिग्नल त्यांच्या तोंडावरच लाल झाला. मामांनी गाडी थांबवली, न्यूट्रल केली आणि क्लचवरचा पाय उचलला. आजूबाजूला गाड्यांचा, माणसांचा गलका होता, पण गाडीच्या आत काहीच हललं नाही. बाटली गप्प होती. मामा आरशात बघत राहिले.

थोड्या वेळानं मामींनी डोकं जरा उचललं. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती.

"अहो, गाडी बंद पडली का?"

"नाही गं," मामा म्हणाले. "चालू आहे."

"खरंच?"

"चालू आहे. झोप तू."

मामींनी तळवा सीटवर सपाट ठेवून बघितला, आणि डोकं परत टेकलं. सिग्नल हिरवा होईपर्यंत त्यांना झोप लागली होती. मागून हॉर्न वाजायला लागले, कुणीतरी शिवी हासडली. मामांनी काच खाली करून हात बाहेर काढला आणि मागच्यांना बाजूनं जायची खूण केली. सिग्नल पुन्हा लाल झाला, तरी ते तिथंच होते.

त्यानंतर मामी फार दिवस राहिल्या नाहीत. पण जेवढ्या खेपा झाल्या, त्या बहुतेक झोपेत झाल्या. शेवटच्या खेपेला मामा त्यांना रुग्णालयात ठेवून एकटेच परतले, आणि दोन दिवसांनी गाडी घेऊन जायचं कारण उरलं नाही.

गॅरेज काही दिवस बंद राहिलं आणि मग उघडलं. एक गिऱ्हाईक आलं, गाडी दारातच खडखडत होती. "मामा, नाव ऐकून आलोय," तो म्हणाला. "भरीव टाका. कायमचं काम."

मामांनी बॉनेटला हात लावला नाही. मागचं दार उघडून आत डोकावले.

"मागं कोण बसतं?"

"म्हणजे?"

"मागच्या सीटवर. रोज कोण बसतं?"

"वडील बसतात कधीमधी. पण त्याचा काय संबंध?"

"डबलच टाकून घ्या," मामा म्हणाले. गिऱ्हाइकानं त्यांना वेड्यात काढल्यासारखं बघितलं आणि दुसरं गॅरेज गाठलं. वायरिंगवाल्यानं गाळ्यातून हे सगळं बघितलं. मामांच्या गाडीतून निघालेलं भरीव चाक अजून कोपऱ्यात उभं होतं. ते कुणाला विकायचं नाही, एवढं त्याला न सांगता कळलं होतं.

रुग्णालयाची चाकाची खुर्ची घरी राहिली होती. ती परत करायची म्हणून एका सकाळी मामांनी ती घडी करून मागच्या सीटवर, गादीवरच आडवी ठेवली. काचा पुसल्या. मग कशाला पुसल्या, ते त्यांनाच कळलं नाही. कालव्याचा रस्ता केव्हाच मोकळा झाला होता, पण ते चौकातून निघाले.

सिग्नल लाल झाला. मामांनी गाडी न्यूट्रल केली आणि क्लच सोडला. पुढच्या मोटारसायकलवर एक बाई नवऱ्याच्या पाठीला डोकं टेकून बसली होती. गाडीत कसलाच आवाज नव्हता. काच गुणगुणत नव्हती. हाताला कुठंच थरथर लागत नव्हती. त्यांनी आरशात बघितलं, मग तळवा आपल्या शेजारच्या रिकाम्या सीटवर सपाट ठेवला.

"चालू आहे गं," मामा म्हणाले.

सिग्नल हिरवा झाला आणि त्यांनी पहिला गिअर टाकला.